लाडूबाईच्या हातच्या दोन कानांची बखर

श्री. जो सर्व ऐकतो आणि मागाहून कोणास सांगत नाही, त्या देवास प्रथम नमन. राज्यारोहण शक एकतीस, विरोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, मंदवार, ते दिवशी ज्या राज्याचे नाव लिहिण्याची लिहिणारास मनाई आहे त्या राज्यात कानांची परीक्षा जाहली, तिची हकिकत ऐसी जे. इतर राज्यांत सूर्य मावळतेसमयी देवडीवर चौघडा झडतो, येथे विजेची गिटार वाजे. कारण थोरल्या महाराजांचे अमदानीत चौघड्याची कातडी उंदरांनी खाल्ली आणि त्याच सुमारास एक दर्यावर्दी सौदागर गिटार वाजवून दाखविता जाहला, तेव्हां थोरले महाराज बोलिले की, "ढोलास चामडे लागते, यास वीज लागते, आणि वीज उंदीर खात नाही," आणि मग फणसाचे एकाच खोडातून दोन गिटारी करविल्या, एकीस थोरली म्हणत आणि दुसरीस धाकटी, थोरली रोज वाजे आणि धाकटी गवसणीत निजे. आता गिटारीचे तारांखाली, पोटात, चुंबकाचे दोन ठोकळे बसवितात आणि त्यांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळितात, वरची तार हालली की ते जाणतात आणि त्याची वीज होऊन भोंग्यापर्यंत जाते. टोपीकर त्यांस पिकअप म्हणतात, या राज्यात त्यांस कान म्हणत, कारण लाकूड कितीही उत्तम असो, कान बहिरे तर गिटार मुकी. असो.

या नौबतीचे मानकरी सटवोजी तारकर, वय साठीचे पुढे, अंगाने किरकोळ, स्वभावे भिडस्त, आणि थोरलीचे दोन्ही कान त्यांचे कुटुंब लाडूबाई यांनी स्वहस्ते गुंडाळिले होते. लग्नानंतरचे पहिले साल, लाडूबाई ओसरीवर बसल्या, एका वाटीत चिंचोके घेतले, हजार वेढे जाहले की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकीत, ऐसे करिता पहिला कान आठ चिंचोक्यांचा जाहला. दुसऱ्या कानाचे वेळी शेजारीण विरजण मागण्यास आली आणि दोन्ही वाट्या तिच्या पदराने सांडल्या, मग लाडूबाई बोलिल्या, "जास्त झाले तर होऊ द्या, कमी नकोत," आणि हात दुखेतो गुंडाळीत राहिल्या, त्यामुळे तो कान किती वेढ्यांचा हे ब्रह्मदेवासही ठाऊक नाही. कारागिरांची रीत अशी की कान तयार जाहला म्हणजे ऊन मेणात बुडवावा, मेण वेढ्यांत शिरते आणि तार आत थरथरत नाही. लाडूबाईंनी मेण परत धाडिले. सटवोजी बोलिले, "अहो, रीत आहे ती." त्या बोलिल्या, "कानात मेण घातले तर माणूस बहिरा होतो. हे तर नुसते कानच आहेत. यांना काय उरेल?" सटवोजींनी कान तसेच थोरलीत बसविले. त्यातून असे निपजले की मेण न प्यालेले ते कान तारेचे तर ऐकतच, वर जवळ कोणी बोलिले तर तेही ऐकत. सटवोजी पूर्वी रागाचे सूर लावीत आणि लाडूबाई शेजारी बसून वात वळीत बोलत, "अहो, पाठ ताठ धरा," आणि ते शहरभर भोंग्यातून बारीक ऐकू जाई आणि पेठेतले दुकानदार पाठी ताठ करीत. एके दिवशी "घरात मीठ संपले आहे" हे गेले, तर दुसरे दिवशी सकाळी तीन घरांतून मीठ आले. लाडूबाई महिनाभर देवडीवर चढल्या नाहीत, मग पुन्हा चढू लागल्या. ऐसी सव्वीस वर्षे गेली आणि एका ज्वरात लाडूबाई कैलासवासी जाहल्या, दुखणे अवघे पाच दिवसांचे. त्यानंतर सटवोजी तेरा दिवसांनी वाजविण्यास बसले, शेजारची जागा रिकामी, तेव्हां सवयीने मान खाली करून, ओठ गिटारीजवळ नेऊन, पुटपुटले की, "आज पाणी उशिरा आले." आणि तेव्हापासून रोज नौबतीत आपला दिवस त्यांस सांगत गेले, कोणाची गाय व्याली, कोणाचे लग्न ठरले, भाजीत तिखट जास्त पडले, आणि ते इतके हळू की शहरास शब्द कळत नसत, सुराखाली काही ऊनऊन कुजबुजते आहे इतकेच कळे. लोक समजले वाद्य जुने जाहले, आणि त्यास आपल्या राज्याचा आवाज म्हणू लागले. खरे काय ते दोघांसच ठाऊक, एक सटवोजी आणि दुसरा त्यांचा बाळमित्र हैबती तांबट.

ऐशास परीक्षेचे सालात शेजारील राज्याचे वकील दरबारी आले. सायंकाळी महाराजांसह गच्चीवर बसले असता नौबत सुरू जाहली, वकिलांनी थोडा वेळ ऐकिले आणि मग मोठ्या काळजीने विचारिले की, "महाराज, आपले वाद्य आजारी आहे काय? आत कोणी कण्हते." मंडळी हसली, आणि आपले लोक परक्यापुढे हसले हे महाराजांस झोंबले. दुसरे दिवशी वकिलांनी मखमली डबीतून दोन नवे कान नजर केले, यंत्रावर गुंडाळलेले, वेढ्यास वेढा मोजलेला, पोटभर मेण प्यालेले, आणि अर्ज केला की, "मूळचे काढावे आणि हे बसवावे, आमच्याकडे सर्वांनी बसविले." कारभारी त्रिंबकपंत यांस नवी वस्तू दिसली की जुनी अंगावर आलीच, ते बोलिले, "उत्तम! आजच बसवू." परंतु महाराज न्यायी, बोलिले की, "मूळचे कान एकतीस वर्षे चाकरीत आहेत. चाकर काढायचा तर चौकशी करून काढावा. पडदा टाकून दोन्ही ऐकू. जे आमचे वाटतील ते राहतील." आणि परीक्षेच्या जुन्या रीती वाचून दाखविण्यात आल्या, त्या अशा की परीक्षा देणाराने बेलभंडार उचलून शपथ घ्यावी की दोन्ही बाजूंस एकच हात देईन, आणि त्याने तोंडात विडा धरावा म्हणजे खूण, खाकर, शब्द काही बाहेर जाणार नाही, आणि महाराज दालनाबाहेर जाईतो तो विडा काढू नये, आणि महाराजांचे मुखातून एकदा निघाले ते फिरू नये, आणि हरलेली वस्तू राज्यात ठेवू नये, ठेविली तर पुन्हा वाद उठतो, सबब सूर्यास्ताचे आत मोडून टाकावी. सटवोजींनी सर्व ऐकिले. विड्याचे कलम आले तेव्हां त्यांचा हात आपोआप ओठांवर गेला.

आदले दिवशी हैबती तांबट घरी आला आणि उंबऱ्यावर बसून बोलिला, "सटवा, उठ आणि महाराजांना सांग. विडा तोंडात असला तर तुझे कान निम्मे मुके. ही परीक्षाच नव्हे." सटवोजी बोलिले, "काय सांगू? की म्हातारा रोज मेलेल्या बायकोशी बोलतो आणि सगळे राज्य ते ऐकते? उद्या मला देवडीवर कोण चढू देईल? पोरेटोरे मागे लागतील." हैबती बोलिला, "लागू दे की. लाज मोठी की लाडू वहिनी मोठी?" यावर सटवोजी बोलिले, "अरे, तार तिने गुंडाळली आहे. माझ्या बडबडीवाचून तिचा हात ओळखू येणार नाही असे थोडेच आहे?" हैबतीने मान हालविली आणि तो उठून गेला. लिहिणारास येथे एवढेच म्हणावयाचे की, भिडस्त माणूस आपली लाज झाकण्यासाठी जे कारण काढतो ते नेहमी दुसऱ्याच्या मोठेपणाचे असते, आणि म्हणून ते त्यालाही खरे वाटते.

नवमीस तिसऱ्या प्रहरी दरबार भरला. चिकाचा पडदा सोडिला, मागे सटवोजी, थोरलीत मूळचे कान, धाकटीत नवे कान, दोहोंस नव्या तारा, आवाजाची पेटी एकच, शिंगाची नखी एकच. बेलभंडार उचलिला, विडा तोंडात घातला, चिठ्ठी काढिली तो धाकटी पहिली निघाली. सटवोजींचे मनात आले की हात थोडा राखावा, कोणास कळणार आहे, आणि लगेच मनात आले की खोट्याने आणलेली वस्तू लाडूबाई घरात ठेवीत नसत, एकदा बाजारातून चुकून आलेला जास्तीचा नारळ त्या भर उन्हात परत देऊन आल्या होत्या, आणि मग त्यांनी हात राखला नाही, उलट शपथेच्या भयाने अधिकच जीव ओतून पूर्वी वाजविली. आणि नवे कान चांगले होते, हे न लिहिणे अन्याय होईल. चिंचेने घासलेले पितळ उन्हात ठेवावे तैसा सूर लख्ख निघाला, खर्ज भरदार, सहा तारा सहाजणी वेगळ्या दिसाव्या ऐशा, वरचा षड्ज कोठे चिरकला नाही, आणि सटवोजींचा हात, जो एकतीस वर्षे कुजबुजीच्या पदराआड होता, तो प्रथमच उघड्यावर आला. सटवोजींस स्वतःसच तो ऐकून बरे वाटले, आणि बरे वाटले याची लागलीच शरम वाटली. मग थोरली मांडीवर घेतली. सवयीने मान खाली गेली, ओठ गिटारीजवळ गेले, आणि विड्यावर अडले. तेव्हां सटवोजींनी तारा छेडिल्या आणि आपल्या बायकोचे कान आयुष्यात पहिल्याने नुसते ऐकिले, त्यांत ना तिचा आवाज ना स्वतःचा, आणि तो सूर त्यांस ओळखू येईना. मधले स्वर पुढे रेटलेले, वरचे बोथट, एक कान दुसऱ्याहून जड, आणि सुरांमध्ये एक कोरडी खरखर, रिकाम्या घरात कोणी भांडी हालवीत आहे ऐसी. सटवोजींचे मनात आले, "ही इतकीच होती काय?" आणि या प्रश्नाने त्यांचा हात कापला, आणि कान मेण न प्यालेले असल्याने त्यांनी ते कापणेही इमानाने सर्वांस ऐकविले.

वाजविणे संपले. महाराज क्षणभर डोळे मिटून बसले, मग प्रसन्न होऊन बोलिले, "पहिला आमचा. सटवोजींचा हात आम्ही अंधारात ओळखू, एकतीस वर्षे ऐकतो आहो. दुसरा परका. वकीलसाहेबांनी राग मानू नये, परंतु आपले कान खरखरतात, आणि त्यांवर आमच्या माणसाचा हातसुद्धा कापला. पहिले कान राहतील, दुसरे मोडावे." त्रिंबकपंतांनी शब्द लिहून घेतला आणि शाई वाळण्यापूर्वी शिक्का उमटविला. मंडळींनी वाहवा केली, कारण सर्वांस आपलेच कान राहावेत ऐसे होते. मग पडदा वर गेला आणि सर्वांनी पाहिले की सटवोजींचे मांडीवर थोरली आहे. वकील उठून लवून बोलिले, "महाराजांचा इन्साफ थोर," आणि त्यांचे मुखावर हसू नव्हते, त्यांसही वाईट वाटले ऐसे पाहणारे सांगतात. महाराजांनी सटवोजींकडे पाहिले. सटवोजींनी महाराजांकडे पाहिले. गालात विडा, डोळ्यांत पाणी, आणि मान अशी हालली की ती नाही म्हणते की मुजरा करिते हे महाराजांस कळेना, कळून घेण्याचे धैर्यही होईना, आणि ते त्वरेने उठोन आत गेले. मग सटवोजींनी विडा तळहातावर काढिला आणि बोलिले, "पंत, माझे ऐका." त्रिंबकपंत बोलिले, "आता काय ऐकायचे, सटवोजी? शिक्का पडला. अगोदर बोलायचे होते." आणि हे शब्द कठोर खरे, तथापि खोटे म्हणता येत नाहीत.

सूर्यास्तास दोन घटका असता थोरलीचे पोटातून कान काढिले आणि हैबती तांबटास बोलाविले, कारण राज्यात मूस त्याचीच. हैबती बोलिला, "सटवा, तू घरी जा." सटवोजी बोलिले, "तिला मी एकट्याने पोचवली होती, हिलाही पोचवतो." तार उकलू लागले तो उकलेना, जागोजाग तुटे, शेवटी गुंता तसाच मुशीत घातला. जी तार सरळ केली असती तर शहर ओलांडून नदीपार गेली असती, ती पाहतापाहता मुशीत ओंजळीतल्या पाण्याएवढीही राहिली नाही. सटवोजी रडले, मोठ्याने, कोणाची पर्वा न करिता, आणि हैबती भाता मारीत राहिला. मग वेळ जाहली म्हणून नव्या कानांची धाकटी घेऊन सटवोजी देवडीवर चढले आणि पूर्वी लाविली आणि मान खाली करून बोलिले, "अहो, आज मी तुम्हाला घालवले." सूर लख्ख शहरभर गेला. बोललेले धाकटीच्या पोटाशीच राहिले, कारण मेण प्यालेला कान तारेखेरीज कोणाचे ऐकत नाही.

पुढे शहरात दोन दिवस हळहळ जाहली आणि तिसरे दिवशी लोक नव्या आवाजाची तारीफ करू लागले, आणि ती तारीफ खोटी नव्हती. परंतु महाराजांस तिन्हीसांजेस चैन पडेना. जेवण गोड लागेना, वैद्य आले, वैद्य गेले, आणि फाल्गुनात एके सायंकाळी महाराज एकटेच देवडीचा जिना चढून गेले आणि दाराशी उभे राहिले. पाहतात तो सटवोजी वाजवीत आहेत आणि ओठ हालत आहेत आणि भोंग्यातून सुरावाचून काही येत नाही. नौबत संपली तेव्हां महाराज पुढे होऊन बोलिले, "सटवोजी, कोणाशी बोलता?" सटवोजी घाबरून उठले, मुजरा केला आणि बोलिले, "घरच्यांशी, महाराज." "काय बोलता?" "काही नाही. आज हैबतीची सून माहेरी गेली. आंब्याला मोहर कमी आहे. असेच आपले." महाराज कठड्यास हात लावून उभे राहिले. मग बोलिले, "आम्हास इतकी वर्षे ऐकू येत होते ते हेच?" सटवोजी बोलिले, "होय महाराज. पहिली सव्वीस वर्षे त्या बोलत. मग मी." महाराजांचा स्वर चढला, "मग परीक्षेचे दिवशी पडद्यामागून एक शब्द बोलला असता, तर आम्ही ओळखले नसते काय?" सटवोजी बोलिले, "तोंडात विडा होता, महाराज."

महाराज खाली उतरले आणि त्याच आठवड्यात परीक्षेस विडा धरण्याची रीत मोडिली, आणि सर्वांनी त्यांस न्यायी म्हटले, परंतु त्यांचे हयातीत त्या राज्यात पुन्हा कशाचीच परीक्षा जाहली नाही. लाडूबाईंची तिथी आली तेव्हां हैबती तांबट सकाळी येऊन फडक्यात बांधलेली एक तांब्याची पळी सटवोजींपुढे ठेविता जाहला. बोलिला, "तांबे सरकारचे आहे. पळी करायला मी कोणाला विचारले नाही." सटवोजींनी पळी हातात घेतली, वजन पाहिले, आठ चिंचोके एका कानाचे आणि दुसऱ्याचे ब्रह्मदेव जाणे. त्याच पळीने पाणी सोडिले, आणि भटजी पुढचा मंत्र म्हणणार तो सटवोजींनी हाताने थांबविले, पळी ओठांजवळ नेली आणि पुटपुटले, "विडा थुंकायला हवा होता मी. लाज वाटली." पळीने उत्तर दिले नाही. आणि त्या सायंकाळपासून नौबतीत सटवोजींचे ओठ हालले नाहीत.

एकूण हकिकत इतकी की, राज्याचा आवाज सुधारला, तो आजतागायत सुधारलेला आहे, आणि मूळचे कान बरे की मागाहूनचे बरे ऐसे कोणी पुसले तर जाणते लोक मागाहूनचे बरे ऐसेच सांगतात. जे कानी आले ते लिहिले, जे कानी आले नाही त्याची जोखीम लिहिणारावर नाही. येथे लेखणी ठेविली.